चौथ्या खांबाचा आवाज

नम्रता दुकानाची पायरी चढली ती हातात स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन. पत्रिका द्यायचं ती विसरलीच. चोरी झाली एवढं बोलून मटकन स्टुलावर बसली.

दुकान मोरेश्वर ठाकूरचं. पेणच्या बाजारात रेडिओ, टेप आणि रेकॉर्डप्लेअर दुरुस्त करणारा हा एवढाच माणूस उरला होता. सगळं गाव त्याला मोरू म्हणे, म्हणून आपणही मोरूच म्हणू. दुकानाचा मागचा अर्धा भाग पडद्याआड होता आणि तिथे त्याची बायको प्रणिता बसे. बारा वर्षं विमा कंपनीसाठी जळलेली गोदामं आणि बुडालेल्या होड्या तपासून झाल्यावर तिनं खासगी चौकशीचं स्वतःचं काम सुरू केलं होतं. गिऱ्हाईक बहुतेक सोयरिकीचं: मुलगा धाटावच्या कारखान्यात खरंच पर्मनंट आहे का, संध्याकाळी कुठे बसतो. प्रणिता डोकं चालवी आणि मोरू स्कूटर चालवी. हा धंदा आपण दोघं मिळून करतो असं मोरूचं प्रामाणिक मत होतं, आणि प्रणितानं ते कधी खोडून काढलं नव्हतं.

“काय गेलं? दागिना?” मोरूनं विचारलं.

“तबकडी, मोरूकाका. माझ्या आईची.”

पडदा सरकला. प्रणिता बाहेर आली, तिनं मुलीला पाणी दिलं आणि पहिल्यापासून सांग म्हणाली.

नम्रता तीन महिन्यांची असताना तिची आई पुतळी तापानं गेली. घरात तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. बाप काळुराम मिठागरावर राबायचा आणि घरी आला की मुका असायचा. मुलीला वाढवलं ते पुतळीच्या थोरल्या बहिणीनं, कृष्णाबाईनं. कृष्णाबाई म्हणजे खाडीकाठची नावाजलेली धवलारीण. तिकडच्या लग्नात हिच्यासारख्या बाईनं धवले म्हटले की मग देव मांडवात येतात, अशी रीत आहे.

एकोणीसशे शहात्तर साली रोह्याचे कमळाकर मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीत ध्वनिमुद्रक होते. त्यांनी खाडीकाठी मांडव घालून हे धवले रेकॉर्ड केले, तेही क्वाड्राफोनिक पद्धतीनं, म्हणजे चार कोपऱ्यांतून ऐकायची तबकडी. मांडवाच्या चार खांबांना चार माइक बांधले आणि खांबाखांबाशी एकेक बाई बसवली. कृष्णाबाई, ठमाबाई, जनी, आणि चौथ्या खांबाशी पुतळी. पुढे ती पद्धतच मेली. चार आवाज वेगळे करणारी यंत्रं भंगारात गेली, आणि साध्या प्लेअरवर चौघींचा आवाज एकमेकींत असा मिसळायचा की कोणती कोण, हे कळायला वाव नव्हता. कमळाकर गेल्या वर्षी वारले. जनी तर कधीच गेली होती.

“मावशी मला लहानपणापासून सांगते, तुझी आय चौथ्या खांबाशी बसून गायली. म्हणून निलेशनं प्रोग्राम लिहिला.”

निलेश हा नवरा मुलगा. धाटावच्या एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात इंजिनीअर. लग्नाची भेट म्हणून त्यानं वर्षभर शिफ्ट संपल्यावर बसून कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम तयार केला होता. कमळाकरांची मुलगी मृणाली हिच्याकडून तबकडी मागून आणली, तिचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेतला आणि चारही कोपरे सोडवले. काल रविवारी दुपारी कृष्णाबाई, नम्रता आणि मृणाली त्याच्या रोह्याच्या घरी ते ऐकायला गेल्या होत्या.

पहिल्या कोपऱ्यात कृष्णाबाई निघाली. दुसऱ्यात ठमाबाई, तिसऱ्यात जनी. चौथ्या कोपऱ्यात काहीच निघालं नाही.

“नुसतं गप,” नम्रता म्हणाली. “निलेशच्या आत्या म्हणाल्या, तुझी आई तिथे नसेलच गो. मावशीनं माझ्याकडे बघितलं पण नाही. मग चहा झाला, आम्ही निघालो, आणि रात्री निलेशनं बघितलं तर कव्हर जागेवर आणि आत तबकडी नाही.”

काल सायंकाळीच निलेशनं मोरूला फोन करून प्लेअरसाठी नवा काटा मागवला होता. काटा झिजला असेल, नव्या काट्यानं पुन्हा एकदा घेऊन बघतो, असं म्हणाला होता. तो काटा अजून मोरूच्या खणात पडला होता.

“मला चोर नको, काकू,” नम्रता म्हणाली. “शनिवारी हळद आहे. त्याच्या आधी मला एकदा आईचा आवाज ऐकायचाय. ती गायली होती एवढं कळलं तरी पुरे.”

प्रणितानं पत्रिका तिच्या हातातून घेतली आणि भलतंच विचारलं. जन्म कधीचा? शहात्तरच्या माघी गणपतीचा, नम्रता म्हणाली, मावशी दरसाल त्या दिवशी मोदक करते. काल जाताना काय नेलं होतं? तांदळाच्या पापडांची परात. परत येताना? तीच परात. रिकामं भांडं द्यायचं नाही म्हणून निलेशच्या आईनं तांदूळ आणि नारळ दिले, मावशीनं स्वतः आतल्या खोलीत जाऊन परात भरून फडक्यात बांधली. नम्रताला हातसुद्धा लावू दिला नाही. गाडीत मांडीवर घेऊन बसली, आणि ऊन येतं म्हणून पेणपर्यंत तीनदा जागा बदलली.

“म्हातारपण,” मोरू म्हणाला.

प्रणिता उठली. तिनं फक्त स्कूटरची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

रोह्याला निलेशच्या खोलीत पंख्याखाली कॉम्प्युटर होता आणि त्याच्याभोवती मोरूला आपलासा वाटणारा वायरींचा गुंता. पोरगा एका रात्रीत वाळला होता. त्याच्याकडून माहिती काढायची गरजच पडली नाही, प्रोग्राम कसा चालतो हे तो आपणहून सांगत सुटला.

तबकडीच्या खाचेला दोनच भिंती, म्हणजे दोनच आवाजांना जागा. चार आवाज तिथे कोंबायचे तर मागच्या दोन कोपऱ्यांतले आवाज किंचित पुढेमागे सरकवून पुढच्या दोघांत मिसळायचे. सोडवताना तेवढेच उलटे सरकवायचे. पूर्वी हे यंत्र करायचं, आता त्याचा प्रोग्राम आकडेमोड करून करत होता. एका धवल्याला अडीच तास लागत.

“सोडवलं तरी शेजारच्या कोपऱ्यातला आवाज थोडा झिरपतोच,” तो म्हणाला. “म्हणून मी साफसफाईचा भागही लिहिला. गाण्याहून हळू आवाजातलं जे काही असेल ते कापायचं. आणि रेकॉर्डवरच्या चऱ्यांची टिकटिक शोधून पुसून टाकायची. नम्रतासाठी अगदी चकाचक केलं.”

“शाब्बास,” मोरू मनापासून म्हणाला. टिकटिक पुसण्यात त्याचाही जन्म गेला होता.

प्रणितानं विचारलं की किती टिकटिक पुसली याची प्रोग्राम काही नोंद ठेवतो का. ठेवत होता. पहिल्या तीन कोपऱ्यांत प्रत्येकी शंभराच्या आत, चौथ्यात नऊशेच्या वर. मोरूनं लगेच निदान केलं: त्या बाजूला चरा खोल असणार, पुतळीचा आवाज त्यातच गेला. निलेशनं मान खाली घातली. मूळ आवाजाची फाइल डिस्कवर जागा नाही म्हणून त्यानं रविवारी सकाळीच पुसली होती. आता तबकडी नाही तर काहीच नाही.

चौथा कोपरा प्रणितानं कानाला हेडफोन लावून पाच मिनिटं ऐकला. मोरूला ते हास्यास्पद वाटलं, कारण ऐकायला काही नव्हतंच.

“रिकाम्या खोलीतसुद्धा इतकी शांतता नसते,” ती हेडफोन काढत म्हणाली.

मग तिनं कव्हर पाहिलं. जाड पुठ्ठ्याचं कव्हर होतं, पण आतलं पातळ कागदी पाकीट तबकडीबरोबर गेलं होतं.

मृणालीचं घर कुंडलिका नदीच्या बाजूला. ती शाळेत शिकवायची, आणि तबकडी गेल्याचं ऐकून तिचा राग अजून उतरला नव्हता. मुळात द्यायचीच नव्हती, ती म्हणाली. मुंबईचा एक संग्राहक सहा महिने मागे लागला होता. त्याला आधी कव्हरच हवं होतं, दर पत्रात विचारायचा की कव्हरचे कोपरे शाबूत आहेत ना. पण बाबांची आठवण म्हणून तिनं त्याला नकार दिला, आणि निलेशनं मागितली तेव्हा होणाऱ्या बायकोच्या आईसाठी म्हणतो म्हणून हो म्हटलं.

मोरूनं प्रणिताकडे अर्थपूर्ण पाहिलं. संग्राहक, सहा महिने, आणि बाई रविवारी खोलीत हजर. त्याच्या मते चहा संपायच्या आत गुन्हा उलगडला होता.

“ती तबकडी खूप टिकटिकायची का?” प्रणितानं विचारलं.

“पहिल्यापासून. घरी तीन प्रती होत्या, तिन्ही तशाच, अगदी त्याच त्याच जागी. दोन बाबांनी देऊन टाकल्या. कारखान्यानं नमुन्याची प्रत परत पाठवली होती, टिकटिक काढा म्हणून. बाबांनी काढू दिली नाही. हट्टी होते.”

“साच्यातच दोष,” मोरू म्हणाला. “साच्याला चरा असला की तबकडीच्या प्रत्येक फेरीला एकदा टिक होणारच. मिनिटाला तेहतीस फेऱ्या, तेहतीस टिक. त्यात सुटका नाही.”

प्रणितानं मृणालीला विनंती केली की तो पहिला धवला आठवतो तसा गुणगुणा आणि टिकटिक बोटानं वाजवून दाखवा. मृणाली आधी लाजली. मग डोळे मिटून गुणगुणू लागली आणि टेबलावर बोट आपटू लागली. लहानपणी शंभर वेळा ऐकलेली चीज, बोट आपोआप चालत होतं. दुसरं कडवं संपलं तेव्हा बोट थांबलं, चार ओळी थांबूनच राहिलं, आणि पुन्हा चालू झालं. प्रणिता सारा वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. परतायला उशीर होतोय म्हणून बघते, असं मोरूला वाटलं आणि त्यानं चहा घाईनं संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं खाडीकाठी गेली. मिठागरांवरून पांढरा उजेड डोळ्यांत घुसत होता. ठमाबाई गुडघ्यांमुळे रविवारी रोह्याला गेलीच नव्हती. ओटीवर पाय पसरून बसली होती आणि बोलायला माणूस मिळाल्याचा तिला आनंद झाला.

रेकॉर्डिंगचं विचारलं तेव्हा तिला उपासच जास्त आठवला. “शिवरात्र व्हती. सायेब बटाटेवडे घेऊन आलाय, आन आमी कोन खानार? साबुदाना शिजवला मंग.”

खांबाशी कोण कुठे बसलं? हे तिनं काठीनं जमिनीवर रेघा मारून दाखवलं. खाडीचा वारा तोंडावर घ्यायला कोणी तयार नव्हतं. आडोशाची जागा एकच, चौथ्या खांबाची, कुडाच्या कडेला. मान कृष्णाबाईचा असून ती जागा पुतळीला दिली, सगळ्यांत धाकटी असून. का दिली म्हणता ठमाबाईनं काठी बाजूला ठेवली आणि नम्रताच्या हळदीला किती माणूस येईल याबद्दल बोलू लागली.

“जागेवरून तंटा,” परतताना मोरू म्हणाला. “बावीस वर्षांचा मत्सर. ठमाबाईनं कोणाकरवी तरी तबकडी उचलवली.”

“अहो, तुम्ही बोलत राहा,” प्रणिता प्रेमानं म्हणाली. “तुम्ही चुकलात की मला रस्ता दिसतो.”

मोरूनं हे कौतुक म्हणून घेतलं.

कृष्णाबाई घराबाहेर भर उन्हात डोक्यावर पदरही न घेता हळदीसाठी जागा सारवत होती. साठीची बाई, पण हात पुरुषाच्या ताकदीनं फिरत होता. प्रणितानं एकच गोष्ट सांगितली. गुरुवारी सगळ्यांनी निलेशकडे जमायचं आहे, आणि येताना ती परात घेऊन यायची, कारण भरलेलं भांडं आलं की भरलेलं भांडं परत जायला हवं. कृष्णाबाईचा हात थांबला. तिनं प्रणिताकडे बराच वेळ बघितलं आणि बरं म्हणाली.

गुरुवारी दुपारी निलेशच्या खोलीत निलेश, नम्रता, मृणाली आणि मांडीवर फडक्यात बांधलेली परात घेतलेली कृष्णाबाई बसली. मोरूनं नवा काटा प्लेअरला बसवला होता, पण त्याच्याखाली ठेवायला काही नव्हतं. आता मृणाली पकडली जाणार म्हणून तो दारात उभा राहिला.

प्रणितानं त्यालाच आधी बसायला सांगितलं.

“रविवारी या खोलीत आलेल्यांपैकी तबकडी कोणी नेली, हे कव्हरनंच सांगितलं,” ती म्हणाली. “संग्राहकाला विकायची असती तर कव्हर आधी गेलं असतं, त्याला तेच हवं होतं. म्हणजे मृणाली नाही. निलेशला लपवायची असती तर त्यानं त्याच संध्याकाळी नवा काटा मागवला नसता. आणि कोणी रागानं, मत्सरानं उचलली असती तर इथेच फोडली असती. पण नेणाऱ्यानं आतलं पातळ पाकीट जपून बरोबर नेलं. त्या माणसाला तबकडी मोडायची नव्हती. ती कोणी वाजवू नये एवढंच हवं होतं.”

निलेश म्हणाला की हे कोणाला कशाला हवं असेल.

“ते नंतर. बारा इंची तबकडी साडीत लपत नाही. परातीच्या तळाशी मात्र सपाट बसते, वर फडकं, तांदूळ आणि नारळ. आणि जिनं सगळा जन्म मिठागरावर काढला, परवा मी आले तेव्हा जी डोक्यावर पदर न घेता भर उन्हात सारवत होती, ती बाई ऊन लागतं म्हणून गाडीत तीनदा जागा बदलते. ऊन तिला लागत नव्हतं. ऊन लागून तबकडी वाकते, हे तिला कमळाकरांनी सांगितलेलं असणार.”

नम्रतानं मावशीकडे पाहिलं. कृष्णाबाईची नजर परातीवर होती.

“मावशी?”

“थांब,” प्रणिता म्हणाली. “तिनं का नेली ते मी सांगते, म्हणजे तिला सांगावं लागणार नाही. नम्रता, तू माघी गणपतीची. रेकॉर्डिंग महाशिवरात्रीचं. मध्ये दिवस किती?”

मोरूनं बोटं मोजली. “पंचवीस.”

“पंचवीस दिवसांची बाळंतीण. सव्वा महिना झाल्याशिवाय तिनं देवाचं काही करायचं नाही, आणि धवला म्हणजे तर देवाला बोलावणं. म्हणजे तुझी आई त्या दिवशी गाऊच शकत नव्हती. पण ती तिथे होती. म्हणून तर वाऱ्याच्या आडोशाची जागा सगळ्यांत धाकटीला मिळाली. आडोसा तिच्यासाठी नव्हता, तिच्या मांडीवरच्या पोरीसाठी होता.”

नम्रता हळूच म्हणाली, “मी होते?”

मग कृष्णाबाईच बोलली, परातीच्या गाठीशी चाळा करत. सायबाला चार बायका हव्या होत्या, चौथी मिळेना. पुतळी घरी राहायला तयार नव्हती, तुझ्याबरोबर शिकलेय, नुसती बसते म्हणाली. बसवली. गावाला कळलं असतं तर मांडव बाटवला म्हणाले असते, म्हणून तिघींनी तोंड शिवलं. मग दोन महिन्यांत पुतळी गेली.

“पोर इचारायची, माजी आय कशी व्हती? मी सांगितलं, गायली तुजी आय. आता काय सांगनार व्हते? एकदा बोलले ते बोलले.” तिचा आवाज फाटला. “रविवारी तो चवथा कोपरा मुका निघाला, तिचं तोंड मला बघवंना. निलेश पुन्ना लावनार म्हनाला. पुन्ना लावला तरी काय निघनार, ती गायलीच नाय. तबकडीच नसली तर पोर म्हनंल, असंल आवाज, आपल्याला मिळाला नाय. तेवढं तरी राहील तिच्याकडं.”

चोर सापडला होता आणि त्याला धरावंसं कोणाला वाटत नव्हतं.

“कृष्णाबाई,” प्रणिता तिच्याजवळ जाऊन बसली, “तुमचा एक हिशोब चुकला. चौथा कोपरा मुका नव्हता. तो या दोन शहाण्यांनी मुका केला.”

दोन शहाण्यांपैकी आपण एक, हे मोरूच्या जरा उशिरा लक्षात आलं.

“अहो, तुम्हीच सांगितलंत ना, चऱ्याचा आवाज मिनिटाला तेहतीस वेळा येतो, कमी नाही, जास्त नाही? मृणालीच्या बोटानं मी मोजला. बावन्न. आणि मध्ये चार ओळी तो थांबतो. चरा कधी थांबत नाही. तिन्ही प्रतींत तो त्याच जागी, म्हणजे तबकडी खराब झाली म्हणून आलेला नाही. साच्यातला नाही, कारण साच्याचाही तेहतीसच असता. म्हणजे तो मांडवातच होता. आणि नऊशे टिकटिकी निघाल्या त्या एकट्या चौथ्या खांबाच्या माइकमध्ये. कमळाकरांना ठाऊक होतं ते काय आहे, म्हणून कारखान्याशी भांडून त्यांनी ते पुसू दिलं नाही. तिथे एक आई मांडीवरच्या पोरीला थोपटत बसली होती. दर थापेला हातातल्या काचेच्या बांगड्या वाजत होत्या.”

निलेशनं डोक्याला हात लावला. “आणि मी त्या पुसल्या.”

“मीही पुसल्या असत्या,” मोरू म्हणाला. आयुष्यात किती कॅसेटींमधून काय काय पुसलं असेल, या विचारानं तो अगदी गरीब होऊन बसला.

कृष्णाबाईनं फडक्याची गाठ सोडली. परातीत फेण्यांचा थर होता, त्याखाली पुतळीच्या जुन्या लुगड्याची घडी आणि घडीत, पातळ पाकिटात, तबकडी. तिनं ती दोन्ही हातांनी निलेशला दिली.

साफसफाईचा भाग निलेशनं प्रोग्राममधून काढून टाकला. पहिला धवला घेतला आणि आकडेमोडीला लावला. अडीच तास. निलेशच्या आईनं भात टाकला. मृणालीनं वडिलांच्या हट्टाच्या गोष्टी सांगितल्या. नम्रता मावशीच्या शेजारी बसली होती, आणि कधीतरी तिनं मावशीचा सारवणानं भेगाळलेला हात आपल्या हातात घेतला. पडद्यावरचे आकडे सरकत राहिले.

पावणेपाचला चौथा कोपरा वाजला.

आधी खरखर. दूरवर, झिरपून आलेला कृष्णाबाईचा तरुण आवाज. आणि अगदी जवळ, हाताच्या अंतरावर: थप, टिक. थप, टिक. काचेच्या बांगड्या, घाई नसलेला हात. दुसरं कडवं संपलं तशी टिकटिक थांबली. काहीतरी चुळबुळलं, एक बारीक कुरकुर आली, कपडा सळसळला. मग इतक्या हळू, की निलेशला आवाज वाढवावा लागला, एक कोवळी बाई म्हणाली:

“गप गो माजी बाय. मावशी गाते ना? आइक.”

आणि पुन्हा थप, टिक.

नम्रता रडली नाही. ती पुढे झुकून ऐकत राहिली आणि संपल्यावर पुन्हा लाव म्हणाली. असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी ती मावशीला म्हणाली, “तू खोटं बोललीस गो. आई गायली नाही. माझ्याशी बोलली.”

शनिवारी खाडीकाठी हळद लागली. मांडवातल्या आवाजाची व्यवस्था मोरूकडे होती. कोणी न सांगता त्यानं चौथ्या खांबाशी, कुडाच्या बाजूला, एक वेगळा छोटा स्पीकर ठेवला, त्याच्या वायरी स्वतः गुंडाळल्या आणि दोनदा तपासल्या. पहिल्या खांबाशी कृष्णाबाई, दुसऱ्याशी ठमाबाई. तिसऱ्या खांबाशी जनीची सून बसली. नम्रता मध्ये, पाटावर.

प्रणितानं खूण केली तसं मोरूनं बटण दाबलं. चौथ्या खांबातून बांगड्या वाजू लागल्या. बाया आधी दचकल्या, मग एकेक गप्प झाली. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ज्यांना नव्हतं त्यांच्या कानात सांगितलं.

कृष्णाबाई लगेच सुरू झाली नाही. तिनं मान वळवून त्या छोट्या स्पीकरकडे पाहिलं, घरातल्या माणसाकडे पाहावं तसं.

“पुतळे,” ती म्हणाली, “तुजा सव्वा महिना कदीच झाला गो. आता म्हन माज्यासंगं.”

आणि तिनं धवल्याचा पहिला शब्द उचलला. मोरू बटणावर हात ठेवून बसला होता. बायांचं गाणं रंगलं, स्पीकरचा आवाज कमी करायची वेळ आली तरी त्यानं तो हात हलवला नाही.